अठ्ठेचाळीस हजार टाके

वन्सं इतक्या घाईने कधीच वाचत नव्हत्या, असे मी ठासून सांगितले, आणि सांगता सांगताच मला ठेच लागल्यासारखे झाले. सपाट फरशीवर लागते तशी, मागे वळून पाहावे तर काही दिसत नाही आणि अंगठा मात्र ठणकत राहतो. सकाळचे साडेदहा वाजले होते. सूनबाई हातात पेचकस धरून मिक्सरच्या मागे उभी होती. मिक्सर म्हणजे स्वयंपाकघरातला नव्हे. निरनिराळ्या ठिकाणांहून येणारे आवाज एकत्र घेऊन पुढे पाठवणारे, चाळीस बटणांचे रुंद यंत्र. त्याच्या पाठीचे झाकण उघडे होते. समोरच्या दोन स्पीकरांतून माझी थोरली नणंद, जिला जाऊन सात वर्षे झाली, एका समुद्रप्रवासाच्या पुस्तकाचे सातवे प्रकरण वाचत होती. शब्द तेच होते. बर्फात अडकलेले जहाज तेच, शिडाच्या कापडाचे बूट शिवणारे खलाशी तेच. ते सांगणारी बाई मात्र मला अनोळखी वाटत होती. तिचा आवाज बारीक होता, चटपटीत होता, आणि पुढे काय होणार हे तिला ठाऊक असल्यामुळे ती मनातल्या मनात हसत असावी असा त्याला एक ताण होता.

"यंत्र बिघडलेलं आहे," मी म्हटले. "बंद कर ते."

"यंत्र ठीक आहे, आई."

"मग या अशा चिवचिवाट केल्यासारख्या का बोलताहेत?"

"चिवचिवाट कुठे? बाईमाणसासारख्या बोलताहेत." तिने आवाज कमी केला, बंद केला नाही. "आत्तापर्यंत आपण जे ऐकत होतो ना, ते बिघडलेलं होतं."

माझ्यासमोर असे वाक्य पूर्ण करण्याची या इमारतीत पद्धत नाही. अडतीस वर्षांपूर्वी दोन खोल्यांत मी ही संस्था सुरू केली. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तके मोठ्याने वाचायची, ध्वनिमुद्रित करायची आणि घरपोच पाठवायची, हे आमचे काम. वाचकांची निवड मी करते, पुस्तकांची निवड मी करते, आणि प्रत्येक पुस्तकाच्या आरंभी लेखकाचे व वाचकाचे नाव सांगणारा आवाजही माझाच असतो. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही जिना चढून मी रोज दहाला माझ्या खुर्चीत असते. सूनबाई सहा वर्षांपूर्वी येथे तंत्रज्ञ म्हणून रुजू झाली. घरात ती त्याआधी नऊ वर्षे होती, पण घरातली सून आणि कामावरची तंत्रज्ञ या दोन बायका मी कटाक्षाने वेगळ्या ठेवत आले. घरात ती मला फारसे उलटून बोलत नाही. येथे मात्र विजेच्या आणि आवाजाच्या गोष्टींत ती एखाद्या डॉक्टरसारखी मान हलवते, आणि ती मान हलली की मला आधी राग येतो आणि मग, कबूल केले पाहिजे, उत्सुकता वाटते.

हा सगळा खटाटोप वन्संच्या पुस्तकांसाठी होता. त्यांनी येथल्या शेवटच्या तीन वर्षांत वाचलेल्या एकवीस पुस्तकांच्या चकत्या, म्हणजे सीडी, आता चरे पडून अडखळू लागल्या होत्या. नव्या प्रती शुक्रवारी एकशे नव्वद घरी जायच्या होत्या. मी म्हटले, संगणकात फायली आहेत, त्यांवरून करा. सूनबाई म्हणाली, मूळ टेप कपाटात असताना नकलेची नक्कल कशाला? वन्सं लहान खोलीत वाचत, आणि लहान खोलीत तेव्हा डिजिटल टेपचे यंत्र होते. काडेपेटीहून थोड्या मोठ्या कॅसेटी त्यात बसत. बाकीचे तीन वाचक मोठ्या खोलीत वाचत, थेट संगणकावर. ते टेपचे यंत्र अजून चालत होते, पण त्याची भाषा आजच्या मिक्सरला कळत नव्हती. आज सकाळी सूनबाईने ते मला थेट जोडून दाखवले. नुसता करकराट, वाळूवरून ओढलेल्या पत्र्यासारखा. मग तिने तळहाताएवढे हिरवे कार्ड कागदाच्या पुडीतून बाहेर काढले, आधी टेबलाच्या लोखंडी पायाला हात लावला, अंगातली वीज उतरवायला, म्हणाली, आणि ते कार्ड मिक्सरच्या मागच्या खाचेत दोन्ही अंगठ्यांनी दाबून बसवले. एक रुंद चपटी वायर, दोन स्क्रू, पुढच्या बाजूला गव्हाच्या दाण्याएवढा दिवा. दिवा लाल होता. टेप सुरू केल्यावर तो दोनदा लुकलुकला आणि हिरवा झाला.

"पकडलं," ती म्हणाली.

"काय पकडलं?"

"टेपच्या यंत्राचं घड्याळ. प्रत्येक यंत्राला आपापलं घड्याळ असतं, आई. आपल्या घरी सगळे तुमच्या घड्याळाने चालतात, तसं यांचं नसतं."

टोमणा मी ऐकला आणि बाजूला ठेवला, कारण मला पुढचे ऐकायचे होते. याला सँपल रेट कन्व्हर्टर म्हणतात, एवढे पुडीवर लिहिलेले मी वाचले होते. पण ते करते काय? ती स्टुलावर बसली आणि समजावू लागली. आवाज म्हणजे वर-खाली होणारी रेघ. ती साठवायची तर एका सेकंदात कितीतरी हजार वेळा तिची उंची मोजायची. टेपच्या यंत्राने सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार वेळा मोजलेली आहे. मिक्सरला चव्वेचाळीस हजार शंभर मापे लागतात. मग वरची तीन हजार नऊशे टाकून द्यायची का, मी विचारले. टाकून दिली तर कपड्याला भोके पडतील, ती म्हणाली. आहेत त्या मापांवरून मधली रेघ नेमकी कुठून गेली असेल ते हिशेबाने काढायचे आणि तिच्यावर नव्या अंतराने नवी मापे घ्यायची. माप बदलते, रेघ तीच राहते. आणि हे सगळे होते कधी? आवाज इकडून तिकडे जाता जाता. मी त्या हिरव्या दाण्याकडे पाहत राहिले. मी साठ वर्षे विणते आहे. बारीक सुयांवर अठ्ठेचाळीस टाक्यांची बाही असेल आणि तीच बाही जाड सुयांवर हवी असेल, तर बसून नवा हिशेब करावा लागतो, चव्वेचाळीस टाके घालावे लागतात, तेव्हा कुठे ती त्याच दंडाला तशीच बसते. "म्हणजे हे कार्ड बाही उसवून नव्याने विणतं," मी म्हटले. सूनबाई क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिली. "हो," ती म्हणाली, "आणि हिशेब न करता तेच अठ्ठेचाळीस टाके जाड सुयांवर घेतले तर काय होईल?"

बाही लोंबेल. सैल पडेल, मनगटाच्या खाली येईल. हे मला कोणी सांगायला नको होते, पण उत्तर तोंडाशी येऊन थांबले, कारण स्पीकरमधून वन्सं भराभर वाचत होत्या आणि गेली कितीतरी वर्षे माझ्या कानांत असलेल्या वन्संच्या आवाजाची बाही मनगटाच्या खाली लोंबत होती.

सूनबाईने कॅसेटची डबी माझ्यापुढे सरकवली. वन्संना प्रत्येक डबीवर पेन्सिलीने वेळ लिहून ठेवायची खोड होती. वाचायला बसताना मनगटावरचे घड्याळ काढून समोर ठेवत आणि उठताना टिपून ठेवत. प्रकरण सात, चाळीस मिनिटे. मग तिने आमची छापील सूची उघडली. प्रकरण सात, त्रेचाळीस मिनिटे बत्तीस सेकंद. ही तफावत मला नवी नव्हती, आणि हेच मला त्या घटकेला सर्वांत चमत्कारिक वाटले. मला ती माहीत होती. वन्संनीच ती एकदा दाखवली होती, सूची हातात धरून, माझ्या टेबलाशी उभ्या राहून. "अगं, माझ्या घड्याळात चाळीसच झाली होती." मी मान वर न करता म्हटले होते, "वन्सं, तुमचं घड्याळ मागे पडतंय. दुरुस्तीला टाका." आणि त्यांनी खरोखरच टाकले. घड्याळजीने दोन दिवस ठेवून घेतले आणि परत देताना सांगितले की याला काही झालेले नाही. हे त्या मला जेवताना सांगत होत्या आणि मी कोशिंबिरीचे भांडे पुढे करत होते.

फायलीवरचा अठ्ठेचाळीस हजारांचा आकडा कोणी बदलला, असा प्रश्न सूनबाईने विचारला नाही. तो तिने न विचारल्यामुळेच खोलीभर पसरला. मी उत्तराच्या दिशेने गेले नाही. आठवणच आपल्या पायांनी चालत आली. तेव्हाचे तंत्रज्ञ शांत, कृश गृहस्थ होते. प्रत्येक वाक्याची सुरुवात "होय बाई"ने करत, म्हणून सगळे त्यांना होयबाई म्हणत, आणि तेही त्याला "होय" म्हणत. एके दुपारी संगणकाच्या पडद्यावर फायलींची लांबच लांब यादी त्यांनी मला दाखवली. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी चव्वेचाळीस हजार शंभर लिहिले होते आणि मध्येमध्ये, पांढऱ्या भिंतीवर गेरूचे डाग पडावेत तसे, अठ्ठेचाळीस हजार. डाग सगळे वन्संच्या पुस्तकांवर होते. मला तो रकाना पाहवेना. माझ्या कपाटात हँगर एका दिशेला तोंड करून असतात. माझ्या घरात सगळे एका वेळी जेवतात. "एका घरात दोन आकडे नकोत," मी म्हटले, "सगळीकडे एकच दिसला पाहिजे." त्यांनी, आज मला हे काचेतून पाहावे तसे दिसले, मानेला हात लावला आणि विचारले, "होय बाई. नुसता आकडा बदलायचा, की आवाजही त्याप्रमाणे..." आणि मी म्हटले, "आकडाच बदलायचा आहे. आवाजाला काय झालंय?" चहा येण्यापूर्वी रकाना सरळ झाला होता, आणि पुढे आलेल्या प्रत्येक फायलीवरही तोच आकडा पडत गेला. मी त्यांची पाठ थोपटली. इतका सुरेख रकाना मी त्यापूर्वी पाहिला नव्हता.

म्हणजे पाटी बदलली आणि माल तोच राहिला. सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार टाके मोजून घातलेला आवाज यंत्र सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर टाक्यांनी उलगडत राहिले, जाड सुयांवर, आणि वन्सं लांबल्या, खाली आल्या, वाद्यावरच्या दीड पट्टीने जड झाल्या. हे समजल्यावर शरम वाटायला हवी होती. ती नंतर आली. आधी मला एक विलक्षण, जवळजवळ शाळकरी कुतूहल वाटले: मी फसले कशी? त्या माझ्या घरी दर रविवारी जेवायला येत. माझ्यासमोर बसून बोलत, आणि बोलत त्या अशाच, आत्ता स्पीकरमधून बोलत होत्या तशा, एक वाक्य संपायच्या आत दुसऱ्याला हात घालत. त्यांचा खरा आवाज आठवड्यातून तीन तास माझ्या कानावर पडत होता. असे असूनही त्या चकत्या ऐकताना मला हा दुसऱ्याच कोणाचा आवाज आहे असे वाटले नाही. वाटले ते हे, की बाई जेवणाच्या टेबलावर तरतरीत असते आणि वाचायला बसली की ढेपाळते. वय झाले. मन नाही कामात. कान खरे सांगत होता आणि मी त्याला गप्प करत होते, कारण चकतीवर माझ्या संस्थेचा शिक्का होता.

आणि त्या ऐकण्यावरून मी निकाल दिला. एका दुपारी चारही वाचकांच्या चकत्या ओळीने ऐकल्या. तिघे कसे स्वच्छ, पुढे सरकणारे. आणि चौथ्या वन्सं, ओल्या घोंगडीसारख्या. दुसऱ्या दिवशी खाली उतरून लहान खोलीच्या काचेपलीकडे उभी राहिले. वाचन चालू असताना मी कोणाला टोकत नाही, पण त्या दिवशी पान उलटण्याची वाट पाहिली आणि बटण दाबून त्यांच्या हेडफोनमध्ये म्हटले, "वन्सं, हे पुस्तक आपण दुसऱ्या कुणाला देऊ या. तुमचा आवाज थकलाय." काचेतून त्यांनी माझ्याकडे पाहिले. टेप चालू होती. त्या एवढेच म्हणाल्या, "राहू दे." मग त्यांनी घड्याळ मनगटावर चढवले. त्यानंतर दोन वर्षे जगल्या आणि या इमारतीत पाऊल टाकले नाही. रविवारी मात्र येत. आल्या की जे हाती लागेल ते मोठ्याने वाचत: औषधाच्या पुडीतला बारीक अक्षरांचा कागद, बिस्किटांच्या पुड्यावरचे घटक, शेजाऱ्यांच्या चुकून आलेल्या पत्रावरचा पत्ता. मी म्हणायची, "वन्सं, पुरे." मला तो हट्ट वाटायचा.

ते "राहू दे" टेपवर राहिले आणि टेपवरून फायलीत उतरले. हे मी कोणाला सांगितलेले नाही: गेली नऊ वर्षे मी ते ऐकत आले. दर महिन्या-दोन महिन्यांनी, दार लोटून, त्या अर्धवट राहिलेल्या पुस्तकाच्या प्रकरण अकराच्या शेवटाला जाऊन. पान उलटल्याचा आवाज, माझ्या बोलण्याइतकी रिकामी जागा, आणि मग तो खोल, सावकाश, प्रत्येक अक्षरावर हात ठेवल्यासारखा स्वर. त्यात मला क्षमा ऐकू येई. त्यांना वाईट वाटले, पण त्यांनी ते गिळले, मला मोठ्या मनाने सोडून दिले, असे मी त्या तीन अक्षरांतून वाचले होते आणि त्यावर बऱ्यापैकी सुखाने जगत आले होते.

"त्यांच्या शेवटच्या पुस्तकाचं अकरावं प्रकरण लाव," मी म्हटले. "शेवट."

सूनबाईने कॅसेट बदलली. दिवा लाल झाला, लुकलुकला, हिरवा झाला. पान उलटले. रिकामी जागा, पण आता ती आखूड होती, आणि मला हे आधी सुचलेच नव्हते की माझे बोलणेही त्यांच्या बाजूने मोजले तर इतक्या थोडक्यात आटोपले होते. मग वन्सं म्हणाल्या, "राहू दे." झटकन. दुसऱ्यांदा वाढायला आलेल्याला ताटावर हात आडवा धरून म्हणावे तसे. क्षमा नव्हती त्यात. मी राग शोधला, तोही सापडला नाही. सूनबाईला तीन वेळा मागे न्यायला लावले आणि तिन्ही वेळा ते निराळेच वाटले: एकदा कंटाळा, एकदा नुसता चटकन दिलेला होकार, एकदा तर त्या मला बोलत नसून अंगावरून घसरणाऱ्या शालीला बोलत आहेत असे. ज्या बाईबरोबर मी एकेचाळीस वर्षे नाते सांभाळले तिच्या मनात त्या क्षणी काय होते ते मला ठाऊक नाही, आणि नऊ वर्षे मला जे ठाऊक होते ते माझ्याच एका रकान्याने तयार केलेले होते. मी खुर्चीत टेकून बसले. डोळ्यांत पाणी नव्हते. नव्या घराचा नकाशा हातात आल्यासारखे मी त्या आवाजाकडे पाहत होते. खिडक्या कुठे, दारे कुठे, काही ओळखीचे नव्हते आणि तरीही सारखे वाटत होते की आत जाऊन बघावे.

तेवढ्यात फोन वाजला. मंगळवारी साडेअकराला येतो तो टेलिफोनवाल्यांचाच. आमचे हे जुने श्रोते तीस वर्षे एका मोठ्या कचेरीत टेलिफोन जोडून देत. जन्मापासून दिसत नाही, आणि पुस्तकांविषयी दर आठवड्याला मला फर्मावतात. सूनबाईने फोन उचलून स्पीकरवर टाकला. मागे टेप चालूच राहिली होती. ती संपून आपोआप मागे फिरली होती आणि वन्सं पुन्हा प्रकरणाच्या पहिल्या पानावर गेल्या होत्या.

"नमस्कार बाई. जरा थांबा हं," ते म्हणाले. मग ऐकत राहिले. "अरे वा! आज ताईंची गती बरोबर लावली तुम्ही. कुणाच्या लक्षात आलं?"

"म्हणजे? तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक म्हणजे काय, तीस वर्षं आवाजावर माणसं ओळखलीत मी. ताई संस्थेत एकदा भेटल्या होत्या, हातात हात घेऊन दहा मिनिटं बोलल्या. ती बाई अशी म्हशीसारखी वाचेल? माझ्या यंत्राला गतीचं बटण आहे, ते एवढंसं पुढे केलं की ताई जागेवर. आमच्यातले बरेच जण तसंच करतात."

"मग कळवायचं नाही का?"

"कळवलं की! तुम्ही पत्र पाठवलंत. माझ्या मुलीनं दोनदा वाचून दाखवलं, इतकं खणखणीत होतं. 'श्रोत्याने वाचकाच्या गतीशी जुळवून घ्यावे.'" ते मनापासून हसले. "म्हटलं, बाईंचा हुकूम आहे, घ्या जुळवून. घेतलं. बटणानं."

सूनबाई पाठमोरी झाली. तिचे खांदे हलत होते. मला हसू आले नाही, पण आले असते तर त्यात चूक काही नव्हती. मी त्यांना विचारले की वन्संनी वाचन का थांबवले हे त्यांना काय सांगण्यात आले होते. "तब्येतीमुळे, असं तुम्हीच सुरुवातीला सांगितलंत की, पुढच्या पुस्तकाच्या," ते म्हणाले. "आम्हाला वाटलं, दम लागत असेल. बटण फिरवल्यावर तर लागत नव्हता. पण म्हटलं असेल, आपल्याला काय दिसतंय?"

फोन ठेवल्यावर सूनबाईने चहा आणला. असा स्वतः होऊन चहा ती येथे कधी आणत नाही. माझ्यासमोर बसली आणि एकदम मऊ आवाजात म्हणाली, "आई, हे कुणाला सांगायचं कारण नाही. नवीन कार्ड बसवलं, आवाज सुधारला, एवढं म्हटलं की झालं. खोटंही नाही ते."

खोटे नव्हते. लोकांनी कार्डाचे कौतुक केले असते, कदाचित माझेही. माझ्या छातीवरचे ओझे त्या वाक्याने खरोखर हलके झाले, आणि ते इतके पटकन हलके झाले की मी चमकले. हीच तर माझी पद्धत. पाटी बदलायची. मी कप खाली ठेवला. घरातल्या आणि कामावरच्या ज्या दोन बायका मी वेगळ्या ठेवत आले होते त्यांतली कोणती आत्ता माझी लाज राखायला पुढे झाली होती ते मला सांगता येईना. बहुधा एकच होती, पहिल्यापासून.

"त्या एकशे नव्वद लोकांना वाटतं की त्यांचा दम संपला होता," मी म्हटले. "तो संपला नव्हता. एकवीसही पुस्तकांच्या आरंभी माझं निवेदन पुन्हा घ्यायचं. मी खाली येते."

"आत्ता?"

"शुक्रवार तुझ्यासाठी थांबणार आहे का?"

लहान खोलीत मी कधी बसत नाही. माझी निवेदने मोठ्या खोलीत होतात. तेथे ध्वनिमुद्रण चालू होते म्हणून मला येथे बसावे लागले. खुर्ची बुटकी होती. भिंतींना करडे कापड लावलेले, त्यामुळे दार मिटताच स्वतःच्या श्वासालाही भिंत लागत नव्हती, तो तोंडासमोरच विरून जात होता. काचेपलीकडे सूनबाई हेडफोन चढवून बसली आणि तिने बोट वर केले. मी लिहून आणलेला कागद वाचला. लेखकाचे नाव, वन्संचे संपूर्ण नाव, आणि मग: "यापूर्वीच्या प्रतींमध्ये काही तांत्रिक कारणांमुळे वाचकाचा आवाज मूळ आवाजापेक्षा संथ ऐकू येत होता." थांबले. सूनबाईने बोट खाली केले नाही, वरही केले नाही. माझ्या कानांत तिचा आवाज आला, कामावरचा, कोरडा.

"कुठली तांत्रिक कारणं, आई? यंत्रं तर सगळी ठीक होती."

मी ती ओळ खोडली. पुन्हा सुरुवात केली. "यापूर्वीच्या प्रतींमध्ये वाचकाचा आवाज मूळ आवाजापेक्षा संथ ऐकू येत होता. त्यांचे वाचन थकव्यामुळे थांबवण्यात आले, असे सांगण्यात आले होते. ती चूक झाली." वाक्य छान झाले असे मला वाटले. गंभीर, आटोपशीर.

"झाली," कानांत आवाज आला. "कुणाकडून?"

काचेपलीकडची मुद्रा जशीच्या तशी होती. तिला माझा अपमान करायचा नव्हता. एखाद्या वाचकाचे पान चुकल्यावर ती याच स्वरात सांगते. मला मात्र आपल्या भाषेची मोठी मौज वाटली. इतक्या वर्षांत किती गोष्टी माझ्या घरात आणि माझ्या संस्थेत झाल्या! भांडी फुटली, माणसे दुखावली गेली, रकाने सरळ करण्यात आले. आणि व्याकरणाने प्रत्येक वेळी दार उघडून मला मागच्या बाजूने बाहेर सोडले. मी पेन उचलले आणि कागदावर वाक्य नव्याने बांधले, कर्त्यासकट. शेवट तर अगदी लहान झाला. वाचायला दोन सेकंदही लागले नसते.

"...आवाज मी बदलला आणि मग त्याच आवाजाला थकलेला ठरवून त्यांचे वाचन बंद केले. ही चूक मी केली."

काचेपलीकडे सूनबाईने पडद्यावरची रेघ पाहिली, थोडी मागे नेली, ऐकली. मी वाट पाहत बसले. कोणी मला वाट पाहायला लावावे याची मला सवय नाही.

"वाक्य बरोबर आहे," ती म्हणाली. "पण शेवटचा 'मी' आत गेला, आई. ऐकूच येत नाही. परत घेऊ या."

मी खुर्ची पुढे ओढली, पाठ ताठ केली आणि परत म्हटले.